बारा फ्रेमांचा फरक: कुटुंबासाठीचा विनोदी भय-ॲनिमेशनपट कसा घडतो

जुन्या घराच्या माळ्यावर नऊ वर्षांची एक मुलगी हातात टॉर्च घेऊन उभी आहे. समोर धुळीने माखलेली लाकडी पेटी आहे. पेटीचे झाकण करकरत बोटभर उघडते, आतून एक पांढराफटक हात बाहेर येतो, काठावरून चाचपडत पुढे सरकतो, आणि तेवढ्यात पेटीतून एक जोरदार शिंक ऐकू येते. आतल्या भुताला धुळीचा त्रास आहे. आई, वडील, सहा वर्षांचा मुलगा आणि त्याची बारा वर्षांची बहीण असे चौघे चित्रपटगृहात एका रांगेत बसलेले असतील, तर त्या चौघांनाही आधी दचकवायचे आणि लगेच हसवायचे, एवढेच या काही सेकंदांचे काम आहे. ते वाटते त्यापेक्षा पुष्कळ किचकट आहे, आणि त्यातला सर्वांत अवघड भाग चित्र काढण्याचा नसून वेळ मोजण्याचा आहे.

पडद्यावर एका सेकंदात २४ स्थिर चित्रे सरकतात आणि त्यातल्या प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. हात बाहेर आल्यापासून शिंक येईपर्यंत किती फ्रेम जाऊ द्यायच्या, या एका प्रश्नावर दिग्दर्शक आणि संकलक अख्खा दिवस घालवू शकतात. समजा ६ फ्रेमांनी, म्हणजे पाव सेकंदात शिंक आली, तर पेटीतून हात आला आहे हे डोळ्यांना पुरते उमगण्याआधीच विनोद होऊन जातो. भीती बसलेलीच नसल्यामुळे तिची फजितीही होत नाही आणि कोणी हसत नाही. समजा ४८ फ्रेम, म्हणजे पूर्ण दोन सेकंद वाट पाहिली, तर सहा वर्षांच्या मुलाने तोवर डोळ्यांवर हात घेतलेले असतात. शिंक त्याला ऐकू येते, पण ती कोणाची आणि कशामुळे हे त्याने पाहिलेले नसते, त्यामुळे त्याच्या लेखी तो सगळा प्रसंग भीतीचाच राहतो. योग्य जागा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते, प्रत्येक प्रसंगात निराळी असते, आणि बारा फ्रेम इकडे किंवा तिकडे झाल्या, म्हणजे अवघ्या अर्ध्या सेकंदाचा फरक पडला, की हातची निसटते.

नटांना घेऊन केलेल्या चित्रपटात हे बरेचसे नटाच्या अंगच्या जाणिवेवर सोडता येते आणि उरलेले संकलनाच्या टेबलावर जुळवता येते. ॲनिमेशनमध्ये अपघाताने काहीच मिळत नाही. तिथे पापणी लवते तीसुद्धा कोणीतरी ठरवून लववलेली असते. म्हणूनच भीती आणि हसू यांचे यंत्र आतून कसे चालते हे पाहायचे असेल, तर ॲनिमेशनइतकी उघडी जागा दुसरी नाही.

हसू आणि भीती एकाच घरातली

डोंगर पोखरून उंदीर काढणे हा वाक्प्रचार आपण वाया गेलेल्या खटाटोपासाठी वापरतो. विनोदी भयपटात मात्र नेमके तेच कसब असते. डोंगर खरोखर पोखरावा लागतो, आत वाघ आहे असे प्रेक्षकाला मनापासून वाटावे लागते, आणि मगच उंदीर बाहेर यावा लागतो. ज्या चित्रपटात डोंगरच पुठ्ठ्याचा असतो, तिथे उंदरालाही कोणी हसत नाही. माझ्या मते या प्रकारातले बहुतेक फसलेले चित्रपट इथेच फसतात: मुले घाबरतील या धास्तीने भीती इतकी पातळ केलेली असते की विनोदाला टेकायला काही उरत नाही.

यामागचे मानसशास्त्र फार गूढ नाही. पीटर मॅकग्रॉ आणि कॅलेब वॉरेन या संशोधकांनी २०१० मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, एखादी गोष्ट काहीतरी बिघडल्यासारखी, खटकणारी वाटते आणि त्याच क्षणी ती निरुपद्रवी असल्याचेही कळते, तेव्हा हसू येते. पेटीतून हात येणे ही पहिली बाजू आणि शिंक ही दुसरी. डॉल्फ झिलमन यांनी त्याआधीच दाखवून दिले होते की एका भावनेने शरीरात उठलेली खळबळ लगेच ओसरत नाही आणि ती पाठोपाठ येणाऱ्या भावनेला जोर देते. छातीतली धडधड अजून चालू असताना सुटकेचे कारण मिळाले की तीच धडधड हसण्याच्या कामी येते, आणि एरवी ज्या विनोदावर माणूस ओठ हलवणार नाही त्यावर तो खळखळून हसतो.

याचा एक व्यावहारिक परिणाम पटकथेत दिसतो. सलग तीन वेळा डोंगरातून उंदीर निघाला की प्रेक्षक सैलावतो, चौथ्या वेळी हसायला आधीच तयार होतो, आणि तेव्हा खरा वाघ आणता येतो. चित्रपटातली एखाद-दुसरी खरी भीती बहुधा याच ठिकाणी, हसू ओठांवर असतानाच ठेवलेली असते. ही युक्ती एका चित्रपटात एकदा, फार तर दोनदा चालते. त्यानंतर प्रेक्षक कशावरच विश्वास ठेवत नाही.

कोण कशाला घाबरते

कुटुंबासाठी चित्रपट करणे म्हणजे सर्वांत लहान प्रेक्षकाला धरून सगळे सौम्य करणे, अशी एक समजूत आहे. प्रत्यक्षात वेगवेगळ्या वयाची माणसे वेगवेगळ्या गोष्टींना घाबरतात, त्यामुळे एकच नळ कमी-जास्त करून भागत नाही. मुलांच्या भीतीवर दीर्घकाळ संशोधन केलेल्या जोआन कँटर यांच्या कामातून दिसले की साधारण सात वर्षांपर्यंतची मुले मुख्यतः दिसण्याला घाबरतात: विद्रूप चेहरा, सुळे, अचानक बदलणारे रूप. ‘द इन्क्रेडिबल हल्क’ या दूरचित्रवाणी मालिकेत सज्जन नायकाचे रूपांतर होऊन हिरवा राक्षसी देह तयार होतो, तो लोकांना वाचवतोसुद्धा, पण शाळापूर्व वयातल्या मुलांना ते रूपांतरच सर्वांत भीतिदायक वाटत असे. मोठ्या मुलांना मात्र तो चांगल्या बाजूचा आहे हे कळत असल्यामुळे ती निर्धास्त असत. मोठी मुले कशाला घाबरतात? जे खरोखर घडू शकते त्याला: हरवणे, आई-वडिलांना काही होणे, मित्रांनी सगळ्यांसमोर तोंडघशी पाडणे.

म्हणजे एकाच पडद्यावर दोन निरनिराळ्या भीती सांभाळायच्या असतात. लहानग्यासाठी राक्षसाचे दिसणे नीट मोजून ठेवायचे, आणि त्याच्या बहिणीसाठी गोष्टीतला धोका खरा ठेवायचा. जाणते दिग्दर्शक रूपाला थोडे गमतीदार करतात पण धोक्याला हात लावत नाहीत. शिंकणाऱ्या भुताचे नाक लाल आणि फुगलेले असू शकते. मात्र सूर्योदयापूर्वी त्याला पेटीबाहेर काढले नाही तर मुलीचा धाकटा भाऊ कायमचा त्या घरात अडकेल, ही अट तितकीच कठोर राहते. लहानग्याला नाक पुरते, बहिणीला अट पुरते. मोठ्यांच्या वाट्याला काय, यावर अनेक स्टुडिओंचे उत्तर म्हणजे मुलांच्या डोक्यावरून जाणारे द्व्यर्थी विनोद अधूनमधून पेरणे. हा मला आळशी मार्ग वाटतो. धाकट्याला गंमत वाटावी आणि वडिलांना त्यातच थोडे बोचावे असा एकच विनोद लिहिणे अवघड असते, पण रांगेतले चौघे तेव्हाच एकत्र हसतात.

वयोगटाचे प्रमाणपत्र ही या सगळ्याची कायदेशीर बाजू. देशोदेशी पायऱ्या वेगळ्या असल्या तरी निर्मात्याला त्या पहिल्या दिवसापासून माहीत असाव्या लागतात. अमेरिकेत १९८४ साली पीजी (पालकांच्या मार्गदर्शनाने पाहावा असा) आणि आर (लहानांना मोठ्यांसोबतच प्रवेश असलेला) यांच्यामध्ये पीजी-१३ ही नवी पायरी घातली गेली, ती अशाच तक्रारींमुळे: पीजी मिळालेल्या काही साहसी आणि विनोदी भयपटांतली दृश्ये लहान मुलांना झेपत नाहीत, असे पालकांचे म्हणणे होते. कौटुंबिक चित्रपटाला सहसा या नव्या पायरीच्या खालीच राहायचे असते, आणि त्यासाठी रक्त, वेदना आणि हुबेहूब हिंसा टाळावी लागते. भीतीचे वातावरण मात्र बरेच गडद ठेवता येते.

सांगाडा हा भूतकथांचा लाडका नट का, याचे उत्तर इथे सापडते. सांगाड्याला रक्त नाही, मांस नाही, त्यामुळे त्याचे तुकडे झाले तरी कोणाला दुखत नाही; हाडे विखुरतात, पुन्हा जुळतात, मधेच पायाचे हाड खांद्याला लागते. डिस्नीच्या १९२९ मधल्या ‘द स्केलेटन डान्स’ या लघुपटात स्मशानातले सांगाडे नाचतात आणि त्यातला एक दुसऱ्याच्या पाठीच्या कण्यावर झायलोफोनसारखे वादन करतो. मृत्यूचे चिन्ह आणि वाद्य एकाच वस्तूत बसवण्याची ती कल्पना जवळजवळ शंभर वर्षांनीही जुनी झालेली नाही.

भित्र्या माणसाचा उपयोग

पात्रांची निवड करताना एक साधे गणित लक्षात ठेवावे लागते: पडद्यावरचे पात्र जितके जास्त घाबरते, तितका प्रेक्षक कमी घाबरतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस लागतो तेव्हा तो धावाधाव करतो, खांबावर आपटतो, स्वतःच्या सावलीला शरण जातो, आणि त्याला पाहणाऱ्या मुलाला वाटते की आपण याच्यापेक्षा तरी धीट आहोत. म्हणून अशा कथांत नायिकेसोबत एखादा पाचावर धारण बसलेला मामा, शेजारी किंवा कुत्रा असतो. तो दृश्यात असला की भीतीचा भार तो उचलतो. दिग्दर्शकाला खरोखर घाबरवायचे असते तेव्हा तो पहिल्यांदा याच पात्राला दृश्यातून बाहेर काढतो. माळ्यावर मुलगी एकटीच चढली की प्रेक्षकाला काही न सांगता कळते की आता भार आपल्यावर आहे.

भुताचीही काही बाजू असावी, असा या प्रकारात जवळपास अलिखित नियम झाला आहे: ते दुखावलेले असते, विसरले गेलेले असते, आणि शेवटी कोणीतरी त्याचे ऐकून घेते. हा नियम चांगला आहे, फक्त तो आता इतका वापरला गेला आहे की पहिल्या दहा मिनिटांतच मुलांना शेवट कळतो. एखादा राक्षस मनापासून दुष्ट राहू द्यायला आणि त्याला समजुतीने नव्हे तर युक्तीने हरवायला हरकत नसावी.

चित्रपट आधी कागदावर होतो

पटकथा लिहून झाली की स्टोरीबोर्ड सुरू होतो. बोर्ड आर्टिस्ट प्रत्येक प्रसंग साध्या रेखाचित्रांत मांडतात. एका पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी अशी हजारो चित्रे काढली जातात आणि त्यातली बरीचशी फेकली जातात. ही चित्रे ठरलेल्या वेळेने एकामागून एक लावून, त्यांवर तात्पुरते आवाज, संगीत आणि ध्वनी चढवून जो कच्चा चित्रपट तयार होतो त्याला ॲनिमॅटिक म्हणतात. माळ्यावरचा प्रसंग इथे पहिल्यांदा जिवंत होतो. मुलगी म्हणजे काही रेघा, पेटी म्हणजे एक चौकोन, शिंक संकलकाने स्वतःच माइकसमोर दिलेली. तरीही वेळ बरोबर असेल तर खोलीतली माणसे दचकतात आणि हसतात. वेळ चुकीची असेल, तर पुढे कितीही सुंदर पोत, केस आणि प्रकाश चढवला तरी तो प्रसंग सुधारत नाही.

शिंकेच्या जागेवर खरी झटापट याच टप्प्यावर होते, कारण इथे दहा फ्रेम वाढवणे म्हणजे माउसची एक हालचाल असते. तेच काम ॲनिमेशन पूर्ण झाल्यावर करायचे तर ॲनिमेटरला हालचाल पुन्हा करावी लागते, कपड्यांची आणि धुळीची गणिते पुन्हा चालवावी लागतात, प्रकाश तपासावा लागतो. म्हणून शहाणे निर्माते ॲनिमॅटिकच मुलांना दाखवून पाहतात, आणि दाखवताना पडद्याकडे न बघता मुलांकडे बघतात. भीती वाटली का, असे विचारले तर आठ वर्षांचा मुलगा नाहीच म्हणणार. त्याने गुडघे कधी पोटाशी घेतले, शेजाऱ्याकडे कधी पाहिले आणि हसताना डोळे उघडे होते का, हे पाहिले तर तो बरेच काही सांगून जातो.

पात्रांचे आवाज सहसा ॲनिमेशनच्या आधी ध्वनिमुद्रित करतात, कारण ओठांची आणि चेहऱ्याची हालचाल आवाजावरून रचायची असते. भीतीच्या प्रसंगात संवादापेक्षा श्वास महत्त्वाचा. मुलीने श्वास रोखला, आवंढा गिळला, काहीतरी बोलायला गेली आणि बोबडी वळली, हे सगळे वेगवेगळे मुद्रित करून ठेवले जाते, आणि ॲनिमेटरला खांदे कधी उचलायचे हे त्या श्वासांवरून कळते.

रूप: किती माणूस, किती बाहुली

राक्षसाचे रूप ठरवताना पहिली परीक्षा बाह्याकृतीची असते. आकृती पूर्ण काळी केली तरी कोण आहे हे ओळखू यावे, कारण अंधारात पुष्कळदा तेवढेच दिसणार असते. टोकदार कोन, लांब बोटे, वर अरुंद आणि खाली अधांतरी देह हे धोक्याचे संकेत. गोल पोट, आखूड पाय, मोठे डोके हे जवळिकीचे. विनोदी राक्षसात दोन्हींची मुद्दाम गल्लत करतात: अजस्र नख्या, पण त्या नख्यांनी चहाचा नाजूक कप धरलेला.

डोळ्यांना मात्र फार जपावे लागते. जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये लिहिले की यंत्रमानव माणसासारखा होत जातो तसा तो आपल्याला आवडू लागतो, पण जवळजवळ माणूस आणि तरीही माणूस नव्हे, अशा टप्प्यावर ती आवड एकदम कोसळते आणि शिसारी येते. संगणकीय ॲनिमेशनने हा खड्डा अनेकदा नको तिथे गाठला. भयपटात तो हवा तिथे वापरता येतो. २००९ च्या ‘कोरलाइन’मध्ये दिग्दर्शक हेन्री सेलिक यांनी दुसऱ्या जगातल्या आईला डोळ्यांच्या जागी काळी बटणे दिली. बाकी सगळे आईसारखेच, फक्त नजर नाही, आणि मुलांच्या मनात राहते ते तेवढेच.

उलट दिशेचे उदाहरण म्हणजे २००१ च्या ‘मॉन्स्टर्स, इंक.’मधला सली हा राक्षस. आकाराने तो कुणालाही धडकी भरवील, पण त्याच्या अंगावर सुमारे २३ लाख केस आहेत, ते चालताना हलतात, वाऱ्याने विस्कटतात आणि बर्फ पडला तर त्यात अडकतात, आणि यामुळे तो मऊ वाटतो. त्या केसांसाठी स्वतंत्र सॉफ्टवेअर लिहावे लागले. तो खटाटोप निव्वळ तांत्रिक हौस नव्हती. एखाद्या राक्षसाला मिठी मारावीशी वाटेल की नाही हे पुष्कळदा त्याच्या कातडीवर ठरते, म्हणून तेवढी मेहनत सार्थकी लागली.

हालचाल: भूत आधी वाकत नाही

आता या कलेच्या गाभ्याकडे. डिस्नीचे जुने ॲनिमेटर फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ मध्ये ॲनिमेशनची १२ तत्त्वे लिहून ठेवली. त्यातले एक तत्त्व पूर्वहालचालीचे आहे: उडी मारण्याआधी माणूस गुडघ्यात वाकतो, फेकण्याआधी हात मागे नेतो, पळण्याआधी अंग मागे खेचतो. ही पूर्वहालचाल पाहिली की पुढे काय होणार हे आपल्याला नकळत कळते. दुसरे एक तत्त्व हालचालीच्या शेपटीचे: शरीर थांबल्यावरही केस, कपडे, पोट क्षणभर पुढे जात राहतात. जिवंत देहाला वजन असते, आणि वजनदार गोष्ट एकदम सुरू होत नाही किंवा एकदम थांबत नाही.

भीतीदायक हालचाल म्हणजे ही दोन तत्त्वे काढून घेणे. भूत आधी वाकत नाही. ते निघते तेव्हा पूर्ण वेगाने निघते, सरळ रेषेत सरकते, थांबते तेव्हा जागच्या जागी थांबते, आणि त्याचे डोके शरीराआधी वळते. पापणी लवत नाही. यातले काहीही स्वतःहून भयानक नाही, पण आपल्या डोळ्यांना वजनाची जी सवय आहे ती मोडली जाते आणि अंगावर काटा येतो. विनोदी हालचाल याच्या नेमकी विरुद्ध: पूर्वहालचाल इतकी ताणायची की पात्र पळण्याआधी हवेतच पाय फिरवते, आणि शेपटी इतकी लांबवायची की ते थांबल्यावर टोपी मागून येऊन डोक्यावर बसते.

हे कळले की पेटीतल्या हाताचे ॲनिमेशन कसे करायचे तेही कळते. झाकण उघडताना हात अगदी समान वेगाने, फ्रेमला तितकाच तितकाच सरकत बाहेर येतो. बोटे एकामागून एक काठावर टेकतात, त्यांना वजन नाही. मग अचानक मधले बोट किंचित थरथरते. हात क्षणभर मागे जातो, पंजा फाकतो, आणि ही ताणलेली पूर्वहालचाल पाहताच प्रेक्षकाच्या मनात काहीतरी ओळखीचे जागे होते: शिंक येण्याआधी आपणही असेच करतो. हसू खरे तर शिंकेआधीच, त्या थरथरत्या बोटाशी सुरू होते. एकाच हाताला आठ-दहा फ्रेमांच्या आत भुताच्या नियमातून माणसाच्या नियमात आणले गेले आहे.

२०१२ च्या ‘हॉटेल ट्रान्सिल्व्हेनिया’त दिग्दर्शक गेंडी टार्टाकोव्हस्की यांनी संगणकावरच्या पात्रांना हाताने काढलेल्या व्यंगचित्रांसारखे ताणायला आणि झटकायला लावले. हे सोपे नव्हते, कारण संगणकीय पात्राच्या आत रिग नावाचा सांगाडा असतो आणि तो ठरवलेल्या मर्यादेतच वाकतो. ती मर्यादा मोडेल असे रिग मुद्दाम बांधावे लागते.

बाहुल्या, संगणक आणि प्रकाश

स्टॉप-मोशनमध्ये खरी बाहुली खऱ्या नेपथ्यात ठेवून, कणभर हलवून, एकेक छायाचित्र घेतले जाते. या पद्धतीचे आणि भुताखेतांचे जुने सख्य आहे, आणि त्याचे कारण मला तरी स्पष्ट दिसते: निर्जीव वस्तू हलते आहे हे प्रेक्षकाला सतत जाणवत असते, म्हणजे भुताटकी तंत्रातच आहे. चेहऱ्यावरचे भाव बदलण्यासाठी बाहुलीचे डोके किंवा चेहऱ्याचा भाग बदलतात. १९९३ च्या ‘द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’च्या नायकासाठी सुमारे ४०० डोकी बनवली होती. ‘कोरलाइन’मध्ये चेहऱ्याचे वरचे आणि खालचे भाग त्रिमितीय मुद्रणाने तयार केले आणि त्यांच्या जुळण्यांतून दोन लाखांहून अधिक भाव शक्य झाले, २०१२ च्या ‘पॅरानॉर्मन’मध्ये हे भाग थेट रंगीत छापले गेले.

संगणकीय चित्रपटात संगणकांचा बराच वेळ रेंडरिंगमध्ये जातो, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये प्रकाश कुठून येतो, कुठे आपटतो आणि काय रंग उरतो याची गणना करण्यात. ९० मिनिटांच्या चित्रपटात १,२९,६०० फ्रेम असतात. एका फ्रेमला सरासरी दहा तास लागतात असे धरले, तर एकट्या संगणकाला जवळपास १४८ वर्षे लागतील. म्हणून हजारो संगणक एकत्र जोडून काम वाटून देतात. भयपटवाल्यांचे दुखणे आणखी वेगळे: त्यांना धुके हवे असते. रंगवलेल्या चित्रात धुके म्हणजे ब्रशचे चार फटकारे, संगणकात मात्र त्याच्या कणाकणांतून प्रकाश कसा विखुरतो हे मोजावे लागते आणि रेंडरिंगचा वेळ वाढत जातो.

अंधार हाही दिसावा लागतो. खरा काळोख दाखवला तर घरच्या टीव्हीवर, त्यात खोलीत दिवा लागलेला असेल तर, काहीच कळत नाही. म्हणून ॲनिमेशनमधली रात्र बहुधा निळी, जांभळी किंवा हिरवट असते, आणि पात्रांच्या कडांवर पातळ प्रकाशरेषा ठेवलेली असते. चित्रपटभर रंग कसे बदलत जातील याची एक पट्टी आधीच रंगवून ठेवतात. माळा निळसर आहे, मुलीच्या टॉर्चचा प्रकाश पिवळा आहे. त्या पिवळ्या वर्तुळात जे येते ते ओळखीचे आणि त्याबाहेरचे ते अनोळखी, हे मुलाला कोणी सांगावे लागत नाही. हात पहिल्यांदा निळ्यात दिसतो, आणि शिंकेने भुताचे डोके पुढे आपटते तेव्हा ते पिवळ्यात येते.

शेवटी कान

लहान मुले डोळे मिटून घेऊ शकतात, कान मिटता येत नाहीत. त्यामुळे घाबरवण्याचे प्रमाण ठरवताना चित्राइतकाच, माझ्या मते चित्रापेक्षा जास्त, आवाज जबाबदार असतो. एकदम मोठा आवाज केला की कोणीही दचकते, आणि म्हणूनच तो सर्वांत स्वस्त उपाय आहे. चांगले ध्वनिसंयोजक आधी आवाज काढून घेतात: वारा थांबतो, खालच्या खोलीतल्या घड्याळाची टिकटिक थांबते, मग फक्त झाकणाची करकर उरते. हाडे मोडण्याचा आवाज ध्वनिमुद्रणात बऱ्याचदा सेलरी या भाजीचे देठ मोडून काढतात. संगीतकारालाही इथे तोल सांभाळावा लागतो. तंतुवाद्यांचा थरथरता सूर भीतीचा, आणि बॅसूनसारखे जाड, हुंकारणारे फुंकवाद्य विनोदाचे, असा संकेत इतका रूढ आहे की बॅसून दोन स्वर आधी वाजला तरी शिंकेचे गुपित फुटते.

म्हणून आमच्या प्रसंगात संगीत बोटाच्या थरथरीपर्यंत येतच नाही. शेवटच्या मिश्रणाच्या दिवशी शिंक मोठी करावी की झाकणाची करकर बारीक करावी यावर वाद होतो. शिंक जोरात झाली की लहानगा शिंकेलाच घाबरतो, आणि करकर हळू झाली की बहिणीला पेटीत काही असल्यासारखे वाटत नाही. शेवटी दोन्ही आवाज होते तसेच ठेवून, त्यांच्या मधोमध मुलीच्या रोखलेल्या श्वासाला थोडी जागा करून देतात. तो श्वास सोडायला तिला वेळ मिळत नाही. तेवढ्यात भूत शिंकते आणि घाबरून स्वतःच झाकण लावून घेते.